बॅटरीशिवाय

धाकटीने ब्रेडबोर्डवर शेवटची तार खोचली. तांबडा, पिवळा, हिरवा दिवा एकामागून एक लागावा आणि मग चिमुकली मोटर फिरावी, एवढाच तिच्या पहिल्या सर्किटचा बेत होता. आजवर तिच्या प्रत्येक कामावर थोरल्या भावाने शेवटचा हात फिरवला होता. या कामाला तो लागू द्यायचा नाही, असे तिने मनाशी पक्के केले होते.

दिवे क्रमाने लागले. मोटर फिरली.

"अगं, बॅटरी तर माझ्या हातात आहे," भाऊ म्हणाला. "कपॅसिटरमध्ये उरली असेल थोडी वीज. सरक, मी बघतो."

"हात लावून तर बघ, दादा!"

"निदान घाबर तरी!"

"घाबरायला हे काय तू जोडलेलं आहे?"

उरलेली वीज केव्हाच सरायला हवी होती. दिवे मात्र संथपणे लागत राहिले, आणि भावाच्या चेहऱ्यावरचे हसू विरत गेले.

मग तिच्या ध्यानात आले, की मोटर फिरते ती नेमकी आपण श्वास घेतो तेव्हा. तिने श्वास रोखला. बोर्ड अंधारला. तिने श्वास घेतला. मोटर फिरली.

"बघितलंस? माझंच ऐकतं ते."

"पुरे कर," भाऊ कुजबुजला.

उत्तरादाखल तिने ओठ घट्ट मिटले, नाक चिमटीत धरले आणि बोर्डाकडे रोखून पाहिले.

तांबडा दिवा लागला. पिवळा. हिरवा.

तिने चिमूट सोडली नव्हती. मोटर फिरू लागली, आणि मिटल्या ओठांआड तिची छाती सावकाश भरत गेली.