दांडे खाली घेताना

पाम्फिल पडला तेव्हा सावेता अंगणात मक्याची कणसं सोलत बसली होती. आधी शिडी आपटल्याचा आवाज आला, मग कोंबड्यांचा कालवा. ती खुराड्यात शिरली. नवरा पाण्याच्या दगडी डोणीवर बरगड्या आपटून पेंढ्यात आडवा झाला होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. जो दांडा आणखी वीतभर वर चढवायला तो शिडीवर गेला होता, तो एका खिळ्यावर लोंबत होता.

"शेजारच्या लेनुत्साला हाक मार," तो म्हणाला. आवाज कुजबुजीपलीकडे जाईना. "तिच्या फोनवरून डॉक्टरला..."

कोंबड्यांना बसायचे तिन्ही दांडे पाम्फिलने पुरुषभर उंचीवर ठोकले होते. तिथवर कोल्हा पोचत नाही, असं तो म्हणायचा. पण सावेताच्या कोंबड्या जड जातीच्या. त्यांना तेवढं उडता येत नसे. रोज दिवस कलला की ती चौदा कोंबड्या एकेक उचलून वर बसवायची.

मुलगी आंका तिमिशोआरा शहरात बाळंत झाली तेव्हा सावेता पिशवी भरून दारात उभी होती. "जा की," पाम्फिल म्हणाला होता. "पण कोंबड्यांना वर कोण चढवणार? मी?" दांडे खाली घ्या, असं ती म्हणाली. "कोंबड्यांच्या कॉलेजात शिकलीस वाटतं," असं म्हणून तो हसला होता. ती मागे फिरली. नात आता तीन वर्षांची झाली होती. सावेताने तिला फक्त फोटोत पाहिलं होतं.

तिने पेंढ्यात पडलेला हातोडा उचलला.

"आधी हाक मार तिला."

"डोक्यात पडेल तुमच्या," ती म्हणाली आणि लोंबणारा दांडा तिने काढला. मग दुसरा काढला. मग तिसरा.

तिने ते गुडघ्याएवढ्या उंचीवर घेतले. हातोडा तिने आजवर कधी धरला नव्हता. नवरा धरू देत नसे. पहिला खिळा वाकला. पाम्फिल जन्मभर सुतारकाम करत आलेला. पाय मोडलेला असूनही त्याला ते बघवेना.

"टोकाशी धर हातोडा. हलकेच मार आधी."

तिने तसं केलं. खिळा सरळ गेला.

"पलीकडची बाजू बोटभर वर घे."

तिने घेतली. तो दात आवळून एकेक सांगत राहिला. काम जितकं लवकर आटपेल तितकी ती लवकर जाईल, असा त्याचा हिशेब होता. तिसरा दांडा बसला तेव्हा त्याचा चेहरा घामाने चिंब झाला होता. तेवढ्यात एक तांबडी कोंबडी डुलत डुलत आली, मान वाकडी करून तिने दांड्याकडे पाहिलं आणि टुणकन वर चढली. पंजे घट्ट रोवून बसली. दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"छान झालंय," पाम्फिल म्हणाला. अडतीस वर्षांत तो बायकोच्या कुठल्याही कामाला छान म्हणाला नव्हता. "मीच ऐकलं नाही तुझं. जा आता, सावेता."

सावेताने डोणीत काठोकाठ पाणी ओतलं. मक्याचं अर्धं पोतं कोपऱ्यात रिकामं केलं. पाम्फिल ते बघत होता. त्याला काही उमगेना. मग स्कार्फवरचा पेंढा झटकून ती बाहेर गेली. लेनुत्सा कुंपणाशीच उभी होती.

"काय गं, कसली ठोकाठोकी चाललीय? पाम्फिल आहे का?"

"ते सकाळच्या गाडीनेच आंकाकडे गेले," सावेता म्हणाली. "मी चारच्या बसने निघतेय."

आत पाम्फिलने ओरडायला श्वास घेतला. घशातून नुसता फुसका आवाज निघाला, आणि तोही कोंबड्यांच्या कलकलाटात विरला.

"बरं झालं बाई, एकदाचं तुझं जाणं झालं," लेनुत्सा म्हणाली. "ये चांगली आठवडाभर राहून. कोंबड्यांकडे मी बघत जाईन."

"नको गं, तू कशाला येतेस? दाणापाणी भरून ठेवलंय. खुराड्याला कुलूप लावूनच जातेय."