चौदाव्यांदा पाठवलेला निरोप

"झोपलेत की मेलेत सगळे?" ऑपरेटरने तेराव्यांदा बटण दाबलं.

त्याच्या मागे स्ट्रेचरवर ड्रायव्हर पडला होता. घाटात ट्रक उलटून त्याची मांडी फाटली होती. घाटमाथ्यावरच्या या चौकीच्या कंपाउंडरने पट्टा जीव खाऊन आवळला होता, तरी रक्त थांबत नव्हतं. तासाभरात हेलिकॉप्टर आलं तरच माणूस हाती लागणार होता. तसा निरोप दोन वाजताच मुख्यालयाला गेला होता. आता तीन वाजत आले, तरी उत्तराचा पत्ता नव्हता. बाहेर वारा नुसता घोंघावत होता, त्यात जनरेटरची धडधड.

ऑपरेटरचं डोकं सणकलं होतं. वीस वर्षं त्याने याच रेडिओवर तोंडी निरोप दिले होते. बोलायचं, 'ओव्हर' म्हणायचं, मग गप्प बसून ऐकायचं. गेल्या महिन्यात मुख्यालयातल्या दीडशहाण्यांनी माइक काढून नेला आणि रेडिओला संगणक जोडला. म्हणे, आता चौकीवरही इंटरनेट! कसलं डोंबलाचं इंटरनेट! चार ओळी जायला चार मिनिटं. रेडिओ तोच जुना, एका वेळी एकतर बोलेल, नाहीतर ऐकेल.

"पंख्याखाली बसून चहा ढोसत असतील, हरामखोर!" त्याने चौदाव्यांदा बटण दाबलं.

"अरे, तू सारखा पाठवतच राहिलास," कंपाउंडर वैतागून ओरडला, "तर हा रेडिओ ऐकणार कधी?"

ऑपरेटर त्याच्यावर खेकसणार होता. पण त्याचं लक्ष पडद्याकडे गेलं. तिथे त्याचेच चार निरोप अजून रांगेत उभे होते. त्याने घाईघाईने ते सगळे पुसले. पाठवण्याचा लाल दिवा विझला.

लगेच तिकडून अक्षरं यायला लागली.

'२.१५. हेलिकॉप्टर निघालं. पटांगणात धूर करा.'

"धूर! अरे, धूर मागतायत!" ऑपरेटरने फळीवरचा धुराचा डबा ओढला आणि दाराकडे धाव घेतली. तेवढ्यात पडदा पुन्हा हलला. तो दारातूनच वळला.

'२.५०. हेलिकॉप्टरने ढगांच्या फटींतून बघत तीन फेऱ्या मारल्या. धूर नाही. इंधन संपत आलं, ते परत फिरतंय. अहो, तुम्ही ऐकताय का?'