यंदाचं ॲव्हरेज

नवरा गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच हिवाळा. प्रयोगशाळेतली नोकरी घरापासून चाळीस किलोमीटरवर, आणि रोज सकाळी पहिले दहा किलोमीटर तिची बोटं स्टिअरिंगवर बधिर होऊन जायची. हीटर बिघडला असणार, म्हणून तिने गाडी नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली.

मेकॅनिकने सगळं तपासलं. "ताई, हीटरला काही झालेलं नाही. इंजिन तापेपर्यंत तो गार हवाच फेकणार. बरं, दर थंडीत तुमची कुरकुर असायची, गाडी पेट्रोल पिते म्हणून. यंदा ॲव्हरेज किती?"

"अठरा. गेल्या हिवाळ्यात सोळाच्या वर जात नव्हतं."

"मग बरोबर. तेव्हा निघण्याआधी कुणीतरी वीस-पंचवीस मिनिटं गाडी उभ्या उभ्या चालू ठेवत असणार. पेट्रोल त्यातच जायचं."

"छे हो, मी तर बसले की लगेच निघते," ती म्हणाली.



तिची आंघोळ होईपर्यंत नवरा रोज खाली जाऊन यायचा, आणि विचारलं की गारठलेले हात चोळत म्हणायचा, "काही नाही गं, जरा पाय मोकळे करून आलो."