मरळीच्या रक्ताचा रिपोर्ट

“साहेब, ते रगत मासोळीचं होतं.”

केवळरामनं एकदाचं सांगून टाकलं आणि मान खाली घातली. आरोग्य केंद्राच्या त्या अरुंद खोलीत टेबलापलीकडे धनराज बसला होता. गावोगावहून आलेल्या रक्ताच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या आणि मलेरिया आहे की नाही ते लिहायचं, हे त्याचं काम. त्याचा लिहिता हात थांबला. बाहेर व्हरांड्यात केवळरामची बायको गोकुळा खाटेवर पडली होती. खाट घरूनच आणलेली. बाकीचे रोगी जमिनीवर होते.

त्या वर्षी ताप एटापल्लीकडून जंगल उतरत आला आणि नवरात्रापर्यंत त्यानं एक घर सोडलं नाही. सरकारनं काही केलं नाही असं कोण म्हणेल? मंत्र्यांचा दौरा झाला. फवारणीही झाली, पण मंत्र्यांची गाडी जाणार होती त्या डांबरी रस्त्याच्या कडेनं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! साथ आटोक्यात आल्याचं रेडिओनं सांगितलं, तेव्हा केवळरामच्या टोल्यावर, त्या मूठभर घरांच्या वस्तीत, ते ऐकायला कोणी धड उठून बसत नव्हतं.

घरोघरचं रक्त न्यायला आरोग्य केंद्राचा सोमाजी यायचा. अकरा गावं आणि एकटा सोमाजी. मागच्या खेपेला तो स्वतःच तापानं फणफणला होता. केवळराम तलावाच्या पाळीवर मासे कापत बसला होता, तिथेच सोमाजीनं एक कोरी काचपट्टी आणि सुई त्याच्या हातात ठेवली.

“भाऊ, वहिनीच्या बोटाचं रगत तूच लाव हिच्यावर. मी तवर पल्याडचा टोला करून येतो.”

केवळराम घरी गेला. गोकुळानं हात पोटाशी लपवला. “तीनदा नेलं रगत. काय आलं वापस? आता अंगात उरलंच नाई. मी नाई देत,” म्हणाली आणि रडायला लागली. पंचवीस वर्षं जाळं ओढताना, मासे निवडताना बोटं फाटली, तरी ह्या बाईनं कधी हूं की चूं केलं नव्हतं. तिचं रडणं त्याला बघवलं नाही. तो पाळीवर परत आला, कापलेल्या मरळीवर बोट फिरवलं आणि थेंब काचेवर ओढला. रक्त ते रक्त, असं त्याला वाटलं. सोमाजीला केंद्रात मोजून पट्ट्या द्यायच्या आहेत, त्यासाठी तिला कशाला टोचायचं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला: मलेरिया नाही.

तेव्हापासून केवळरामला घास गोड लागला नव्हता. गोकुळाचा ताप डोक्यात शिरला. ती मेलेल्या आईशी बोलू लागली, तसं त्यानं भावकीतली चार माणसं जमवली, खाट खांद्यावर घेतली आणि चार कोस जंगल तुडवत इथे आणली. सिस्टर म्हणाली, क्विनीनचं इंजेक्शन कपाटात आहे, पण मलेरियाचा रिपोर्ट असल्याशिवाय द्यायचं नाही, वरचा हुकूम आहे. डॉक्टर जिल्ह्याला मीटिंगला गेले होते. साथ आटोक्यात कशी आणली, ह्याच विषयावर मीटिंग होती म्हणे.

बायकोचा जीव आपणच घेतोय, हे केवळरामला आता सोसवेना.

“चूक माही हाय साहेब. मले मारा, पोलिसात द्या. पन आता तिचं खरं रगत घ्या अन् तुमच्या दुर्बिनीत पाहून सांगा.”

धनराजनं चष्मा काढला. त्याचेही डोळे तांबारले होते. तो उठला, कोपऱ्यातल्या स्टुलावरचं कापडी झाकण त्यानं उचललं. खाली रिकामं लाकडी खोकं होतं.

“दुर्बीन दीड महिन्यापासून जिल्ह्याले हाय,” तो म्हणाला. “मंत्र्याच्या दौऱ्यात प्रदर्शन होतं, तिथी मांडाले नेली. वापस आलीच नाई. तू मासोळीचं लाव का मानसाचं, इथी कोनी पाहूनच नाई राह्यलं भाऊ.”

केवळरामला आधी हायसंच वाटलं. आपण नाही मारलं तिला! मग त्या हायसं वाटण्याची त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग असा संताप आला की समोरचं टेबल उलथून टाकावं. पण बाहेर गोकुळाचे दात वाजत होते. खाट कुरकुरत होती, ते आतपर्यंत ऐकू येत होतं. संतापायला वेळ नव्हता.

“न पाहता ‘नाई’ लिवता,” तो म्हणाला, “तं न पाहता ‘हाय’ लिवा. कोन पुसते तुमाले? तिच्या नावापुढं एवढं लिवा साहेब. मी जलमभर तुमचे पाय धुईन.” त्यानं टेबलावरचं पेन उचलून धनराजच्या बोटांत कोंबली.

धनराजनं कोरी चिठ्ठी ओढली. गोकुळाचं नाव लिहिलं. गावाचं नाव लिहिलं. पुढे पेन टेकलं ते तिथेच राहिलं. चिठ्ठीवर शाईचा ठिपका पसरत गेला.

“वरून हुकूम हाय,” तो मान वर न करता म्हणाला. “एका केंद्रानं महिन्याले पाचच मलेरिया दाखवाचे. सहावा दाखवला का नोकरी गेली.”

“मंग?”

“पाचवा काल लिवला.” धनराजनं पेन खाली ठेवलं. “माह्या मायचा.”