पहिल्या पानासाठी

होडी उलटून बायको गेल्याचं कळलं, त्या दुपारीच पेपरचा फोटोग्राफर दारात आला. “काका, काकूंचा फोटो छातीशी धरा आणि थोडं रडा. पहिल्या पानावर असा फोटो दिसला, की बायका अंक घेतातच.”

मी आत जाऊन शर्ट बदलला, भांग पाडला. मग त्याने सांगितलं तसा रडलो.

“अजून एकदा, मान वर करून,” तो म्हणाला. तेही केलं.

सकाळी शेजारीण पेपर घेऊन आली. अर्ध्या पानावर मीच होतो, पाडलेल्या भांगासकट. हिचा चेहरा माझ्या बोटांखाली झाकला गेला होता.

“भावोजी, किती रडलात हो!” डोळे पुसत शेजारीण म्हणाली.

मी मान खाली घातली. हिच्यासाठी रडायचं अजून राहिलंच आहे.