बाबांचा नवा मॉनिटर

उजवी भुवई झकास जमली. डावीला पेन्सिल टेकवली आणि टेबलावरचा कॉम्प्युटर वाजू लागला. बाबा आज वेळेच्या आधीच! तिनं डावी भुवई कशीबशी ओढली, लोकरीची टोपी कानांपर्यंत खाली घेतली आणि कॅमेऱ्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावला. पट्टीवर बोटानं थोडं क्रीम चोपडलं. किती धूसर म्हणजे पुरे, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. एका प्रकाशनात फोटो साफ करणं हेच तिचं काम. लोकांचे चेहरे लख्ख करून पोट भरायचं आणि स्वतःचा चेहरा घरच्यांपासून लपवायचा, अशी वेळ आली होती.

दुसरा इलाज नव्हता. उपचार सुरू झाल्यावर आधी डोक्यावरचे केस गेले, मग भुवया. गाठ विरघळतेय, असं डॉक्टर म्हणत होते. पण हे दूर गावी असलेल्या बाबांना सांगणार कसं? त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. धक्का बसेल असं काही त्यांच्या कानावर घालू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. एकदा कॅमेरा बिघडल्याचं सांगून तिनं नुसता आवाज ठेवला, तर काळजीनं बाबांचं ब्लडप्रेशर चढलं. तेव्हापासून हे चिकटपट्टीचं नाटक. केस परत येईपर्यंत निभावून न्यायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

"आजही धुक्यातच आहेस गं बाळा," बाबा पडद्याला नाक लावून म्हणाले. "पण आता बास. उद्या नवा मॉनिटर आणतोय. फोर-के! दुकानदार म्हणाला, माणूस समोर येऊन बसल्यासारखा दिसतो. गालावरचे तीळ मोजून घ्या म्हणाला."



बाबांनी जन्मभर नकाशे काढले होते. पुसट रेघ त्यांना कधीच खपली नाही. मुलगी पुसट दिसू लागल्यावर त्यांनी आधी पडदा पुसला, मग वायर बदलली, मग चष्म्याचा नंबर तपासून काचा बदलून घेतल्या. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! आणि हे सगळं आपल्यामुळे, हे तिला रोज खात होतं.

त्यांच्या मागे, पार भिंतीशी, आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. ती पडद्याजवळ कधी यायचीच नाही. लांबूनच "जेवलीस का?" म्हणून विचारायची आणि पुन्हा कपड्यांत मान घालायची.

"बाबा, तो दुकानदार विकायलाच बसलाय," ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "चित्र जसं येतं तसंच दिसणार. महागातला पडदा त्याला काय करणार?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. चित्र येत होतं तिच्याकडूनच. चोराच्या मनात चांदणं. बाबांना काही कळलं की काय, म्हणून ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे घेण्यात अर्थ नाही म्हणतेस?" बाबांनी चष्मा काढून हातात धरला. त्यांचा आवाज एकदम उतरला. "पडदा ठीक, वायर ठीक, काचाही नव्या. मग माझे डोळेच गेले म्हणायचे. तुझ्या आईला बोललो नाही मी. उगाच घाबरेल."

आता मात्र इकडे आड आणि तिकडे विहीर. घ्या म्हणावं, तर नव्या पडद्यावरही ती अशीच पुसट दिसणार आणि मग संशय येणार तो तिच्यावरच. नको म्हणावं, तर बाबा रोज आपले डोळे गेले म्हणून कुढणार. तिला स्वतःचा भयंकर राग आला. हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला. पट्टीचं टोक नखात आलं. होऊ दे एकदाचं काय व्हायचं ते.

"थांब," बाबा उठत म्हणाले, "त्याचं माहितीपत्रक आणतो. तू वाचून सांग. तू म्हणशील ती पूर्व दिशा."

ते आतल्या खोलीत गेले. आईनं हातातला टॉवेल बाजूला ठेवला. उठून ती थेट पडद्यासमोर येऊन बसली.

"काढू नकोस ते," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"काय काढू नको?"

"जे लावलंयस ते. घरात रोज लोकरीची टोपी कुणी उगाच घालत नाही. अजून किती इंजेक्शनं राहिलीत?"

"दोन," ती म्हणाली. आणि आपण काय बोलून बसलो ते कळल्यावर तिला रडूच कोसळलं.

"रडू नकोस, आत्ता येतील ते. त्यांच्या डोळ्यांचं मी बघते. शेजारणीचा मुलगासुद्धा फोनवर असाच अंधूक दिसतो, आपल्याकडचं नेटच भिकार आहे, असं सांगते. देव मला माफ करेल."

बाबा पत्रक फडफडवत आले. "हं, काय ठरलं मायलेकींचं?"

"नाही घ्यायचा," आई ठणकावून म्हणाली. "नेटचा दोष आहे म्हणते ती. तुमचे डोळे ठणठणीत आहेत. चला, गोळीची वेळ झाली, पाणी घ्या."

"डोळे ठणठणीत? असं म्हणाली ती?" बाबांचा चेहरा उजळला. पत्रकाची नीट घडी करत, काहीतरी गुणगुणत ते स्वयंपाकघराकडे गेले.

आईनं कॉल बंद करायला हात पुढे केला आणि मध्येच थांबली.

"रोज छान काढतेस," ती म्हणाली. "आज तेवढी डावी भुवई वर गेलीये."