नववी ब चा नियम

"एका मुलीसाठी चाळीस जणांनी तोंड शिवून बसायचं म्हणजे काय!" शिक्षकांच्या खोलीत भूगोलाच्या बाई डब्याचं झाकण उघडता उघडता करवादल्या. "आणि आवाज नको म्हणून बाकांच्या पायांना मोजे! उद्या फळ्याला स्वेटर घालतील."

कपाटाआड फाइल शोधणाऱ्या विशेष बाईंना हे स्वच्छ ऐकू आलं. मदतीची गरज असलेल्या मुलांसाठी नेमलेली शिक्षिका, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. आता मुख्याध्यापकही तेच वापरत. एरवी त्यांनी तिथल्या तिथे दोन शब्द सुनावले असते. आज मात्र त्यांना हसूच फुटलं. आज त्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

तपासणीचे साहेब येणार होते. नववी ब मधली एक मुलगी, दोन्ही कानांना यंत्रं लावणारी, याच शाळेत राहणार की दिवसभराच्या प्रवासावर असलेल्या कर्णबधिरांच्या निवासी शाळेत जाणार, हे आज ठरायचं होतं. तिच्या आईचा सकाळपासून तीनदा फोन आला होता. "बाई, पोर माझ्या डोळ्यांसमोर राहू दे, एवढंच बघा हो!"

"आज बघाच तुम्ही," विशेष बाईंनी तिन्ही वेळा ठणकावून सांगितलं होतं.

त्याला कारणही तसंच होतं. गेली दोन वर्षं त्या प्रत्येक वर्गात सूचना चिकटवत होत्या: एका वेळी एकानेच बोला, सावकाश बोला, गोंगाट करू नका. आठवड्याभरात कागद गळून पडायचे आणि गलका पहिल्यासारखा. यंदा मात्र गणिताच्या सरांच्या वर्गात, नववी ब मध्ये, कुणीही न सांगता सगळं आपोआप सुरू झालं होतं. का, ते विशेष बाईंनी विचारलं नाही. पदरात पडलंय ते घ्यावं, फार खोदू नये, हा त्यांचा स्वभाव.

साहेब गणिताच्या तासाला आले. मागच्या बाकावर अंग चोरून बसले. शेजारी विशेष बाई, मांडीवर फाइल घट्ट धरून.

"आता पुढे काय करायचं?" सरांनी समीकरण लिहून विचारलं.

मागून एक हात वर झाला. पहिल्या बाकावरच्या यंत्रवाल्या मुलीने वळून पाहिलं आणि त्या मुलाकडे बोट केलं.

"पाहिलंत? कोण बोलणार ते तिला लगेच कळतं!" विशेष बाई कुजबुजल्या. साहेबांनी टिपून घेतलं.

तो मुलगा उभा राहिला. सरांच्या टेबलाकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "सर, पहिल्याला दोनने गुणलं तर?" तोवर दुसऱ्या एका मुलीने ते वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहूनही टाकलं.

सरांनी फळ्याकडे पाहून टेबलावर डस्टर आपटलं. खडूची धूळ उडाली. "शाब्बास रे लबाडा! गृहपाठ न करता हे सुचतं, केलास तर मला घरी बसवशील!"

वर्ग खदखदून हसला. गणितात रंगलेली मुलं, चाळीस हात, आणि आवाज मात्र एका वेळी एकाचाच. विशेष बाईंचा ऊर भरून आला.

साहेबांनाही राहवेना. "सर, हा धडा कधी सुरू केलात?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

सर पाठमोरे लिहितच राहिले. साहेब खाकरले. पुन्हा विचारलं.

दोन वेण्यांवाली एक मुलगी चटकन मागे वळली. "साहेब, आमच्या वर्गात हात वर करून उभं राहायचं असतं. सगळ्यांनी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब कानापर्यंत लाल झाले. पण उठले, हात वर केला. सर वळले, पहिल्या बाकावरचं बोट मागे वळलं, आणि सर गडबडले. "अरे वा, साहेब तुम्ही! बोला, बोला."

विशेष बाईंना टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. नियम म्हणजे नियम, साहेबांनाही सूट नाही!

घंटा झाली. पहिल्या बाकावरची वही मिटली. सरांनी खडू ठेवला.

साहेब विशेष बाईंना मागच्या खिडकीशी घेऊन गेले. बाहेर व्हरांड्यात पोरांची झुंबड, त्यात साहेबांनी आवाज इतका खाली आणला, की विशेष बाईंनाच कान पुढे करावा लागला.

"वर्ग अप्रतिम आहे, वादच नाही. पण एकीसाठी एवढा खटाटोप? उद्या दहावीत शिक्षक बदलले, की हिचं काय? जिला इतकी मदत लागते, तिची जागा तिकडेच. मी तसंच लिहितो."

"अहो साहेब... उलट..." विशेष बाईंनी फाइल पुढे केली. ज्याच्या जोरावर पोरीला इथे ठेवायचं, त्याच्यामुळेच ती जायला निघाली होती. मुलं दप्तरं भरत होती, पोरगी मैत्रिणीशी खिदळत होती. वर्गाच्या पार दुसऱ्या टोकाला सर टेबलाशी उभे होते, साहेबांच्या ओठांकडे टक लावून.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

"साहेब, नका लिहू तसं!" सर तिथूनच म्हणाले. "तिला पाठवू नका."

वर्ग जागच्या जागी थिजला. पोरगी धावत टेबलापाशी गेली आणि तिने सरांची बाही धरली. "सर, नको ना! नाही सांगायचं ठरलंय आपलं!"

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"यंत्रं लावली की तिचं व्यवस्थित भागतं, साहेब. हे सगळं तिनेच वर्गाला शिकवलंय, माझ्यासाठी. मला ऐकू येत नाही."